क्रूझच्या एका थांब्यात पेनांग: जॉर्ज टाउनची मंदिरे आणि बाजार कसे पाहावेत

सिंगापूरहून निघणाऱ्या लहान क्रूझ सहलींमध्ये मलेशियाचे पेनांग बेट हा नेहमीचा थांबा आहे. या थांब्याचे वैशिष्ट्य असे की जहाज ज्या धक्क्याला लागते, त्या स्वेटनहॅम पिअरच्या फाटकाबाहेर पडताच जुने जॉर्ज टाउन, म्हणजे पेनांगचे मुख्य शहर, सुरू होते. अनेक बंदरांत धक्का ते शहर हा प्रवासच तासभराचा असतो. येथे मात्र १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइटने ईस्ट इंडिया कंपनीसाठी वसवलेली, चौकोनी आखणीच्या रस्त्यांची मूळ वस्ती पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. मलाक्का शहराबरोबर २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेला भाग हाच होय. असे असूनही बरेच प्रवासी बसच्या सहलीत बसून शहराबाहेरची दोन-तीन प्रसिद्ध ठिकाणे धावत पाहतात आणि जुन्या शहरातून केवळ काचेआडून जातात. ज्यांना स्वतःच्या पायांनी मंदिरे आणि बाजार पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. येथे कोणते स्थळ अधिक प्रसिद्ध आहे यावरून क्रम ठरवू नये. कोणते दार केव्हा बंद होते यावरून ठरवावा. तमिळ पद्धतीची हिंदू मंदिरे दुपारी बंद असतात, मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो, मासळी-भाजीचा बाजार दुपारपर्यंत आवरलेला असतो आणि चिनी कुलसंस्थांच्या (एकाच कुळातील लोकांच्या मंडळांच्या) वास्तू संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतात. हा हिशोब न करता निघालेला माणूस चारपैकी दोन ठिकाणी बंद दार पाहून परत येतो.

जहाजावर असतानाच करावयाची तयारी

प्रथम कागदपत्रे. भारतीय पासपोर्टधारकांना १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला जात आहे. ही सवलत ठरावीक मुदतीची असून तिची मुदत वाढवली जात असते, म्हणून सहल आरक्षित करताना आणि निघण्यापूर्वी अशी दोनदा खात्री करून घ्यावी. मलेशियाचे डिजिटल आगमनपत्र शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते आणि ते आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत भरावयाचे असते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत. क्रूझ प्रवाशांना ते भरावे लागते किंवा नाही, हे जहाज कंपनी कळवते आणि तिची सूचना अंतिम मानावी. सहल सिंगापूरहून सुरू होऊन तेथेच संपणार असेल, तर आपण सिंगापूर सोडून पुन्हा तेथे प्रवेश करत असतो. त्यामुळे सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे का, हे घरून निघतानाच पाहावे. काही जहाजांवर पासपोर्ट कर्मचाऱ्यांकडे जमा असतात आणि काही ठिकाणी ते उतरताना बरोबर न्यावे लागतात. कसेही असले तरी पासपोर्टच्या पहिल्या पानाची छायाप्रत आणि जहाजाचे कार्ड जवळ असलेच पाहिजे, कारण त्या कार्डाशिवाय परत चढता येत नाही.

दुसरी बाब घड्याळाची. मलेशिया आणि सिंगापूर यांची वेळ एकच आहे, परंतु थायलंडची वेळ त्यांच्यापेक्षा एक तास मागे असते. ज्या सहलीत फुकेत आणि पेनांग हे दोन्ही थांबे असतात, तिथे मोबाइल आपोआप एक वेळ दाखवतो आणि जहाज कदाचित दुसरीच पाळत असते. जहाजाच्या दैनिक पत्रकात छापलेली वेळ हीच प्रमाण मानावी. हातात साधे घड्याळ असेल तर ते जहाजाच्या वेळेवर लावून ठेवावे आणि दिवसभर त्याला हात लावू नये. त्याच पत्रकाचा, विशेषतः बंदरातील एजंटचा दूरध्वनी क्रमांक छापलेल्या भागाचा, मोबाइलवर फोटो काढून घ्यावा.

आता प्रत्यक्ष हाताशी येणाऱ्या वेळेचा हिशोब करू. समजा जहाज सकाळी ८ वाजता धक्क्याला लागणार आहे आणि सर्वांनी परत चढण्याची शेवटची वेळ ४.३० आहे. कागदावर हे साडेआठ तास दिसतात. प्रत्यक्षात बंदर अधिकाऱ्यांची परवानगी, गँगवेवरची (जहाजातून उतरण्याच्या शिडीवरची) गर्दी आणि इमिग्रेशनची रांग यांत तासभर जातो, म्हणजे आपण ९ वाजता बाहेर पडतो. परतीसाठी एक पूर्ण तास राखून ठेवला की ३.३० ला फाटकाशी पोहोचायचे. उरले साडेसहा तास. त्यांतून जेवण, पाणी आणि सावलीतली विश्रांती यांसाठी दीड तास वजा केला, तर मंदिरे आणि बाजार यांच्या वाट्याला पाच तास येतात. पाच तासांत जुन्या शहरातील पाच-सहा स्थळे व्यवस्थित पाहून होतात. दहा होत नाहीत.

पैसे रिंगिटमध्ये लागतात आणि एका रिंगिटचे १०० सेन होतात. मंदिरातील पेटीत टाकायला, थंड पाण्याच्या बाटलीला आणि बाजारातील लहान गाड्यांवर रोखच चालते, म्हणून लहान नोटा जवळ असाव्यात. जहाजावर चलन बदलून घेण्यापेक्षा जुन्या शहरातील पैसे बदलून देणाऱ्या दुकानांत बदलावे. जालान (मलय भाषेत रस्ता) मस्जिद कपितान केलिंग आणि त्याला लागून असलेल्या लिटल इंडियाच्या रस्त्यांवर अशी बरीच दुकाने आहेत, आणि शेजारच्या दोन-तीन दुकानांचे दर पाहून मग व्यवहार करणे सोपे जाते. एटीएममधून पैसे काढताना यंत्राने रुपयांत आकारणी करू का असे विचारल्यास नकार देऊन स्थानिक चलनातच आकारणी निवडावी.

पेनांग विषुववृत्ताजवळ असल्याने वर्षभर उकाडा आणि दमटपणा असतो आणि दुपारनंतर सर केव्हाही येते. त्यामुळे सुती, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, पटकन काढता-घालता येणारी पादत्राणे, एक छोटी छत्री आणि एक पातळ ओढणी किंवा उपरणे पुरते. नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून ठेवावा, कारण जहाजाचे इंटरनेट जमिनीवर उपयोगी पडत नाही. भाड्याच्या गाडीसाठी ग्रॅब हे अॅप येथे सर्रास वापरले जाते. ते घरीच डाउनलोड करून आपला क्रमांक पडताळून ठेवावा, कारण पडताळणीचा संदेश परदेशात वेळेवर येईलच असे नसते.

रस्त्यांची आखणी समजून घेणे

जुन्या शहराचा नकाशा एकदा डोक्यात बसला की मोबाइलकडे पाहण्याची फारशी गरज उरत नाही. किनाऱ्याला समांतर पाच रस्ते आहेत. समुद्राकडून आत जाताना पहिला लेबुह पांताई (लेबुह म्हणजेही रस्ताच), त्यानंतर लेबुह पेनांग, लेबुह किंग, लेबुह क्वीन आणि शेवटी जालान मस्जिद कपितान केलिंग. त्यांना छेद देणारे रस्ते उत्तरेकडून दक्षिणेकडे लेबुह बिशप, लेबुह गेरेजा, लेबुह चायना, लेबुह पासार आणि लेबुह चुलिया असे येतात. जहाजाचा धक्का उत्तरेकडच्या टोकाला आहे, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जायचे आणि शेवटी किनाऱ्याच्या रस्त्याने परत उत्तरेकडे यायचे, असा एक लांबट फेरा होतो.

येथे एका गोष्टीने गफलत होते. लिटल इंडियामधून जाणारा लेबुह पेनांग आणि चौरस्ता बाजार ज्यावर आहे तो जालान पेनांग हे दोन वेगळे रस्ते असून त्यांच्यात बरेच अंतर आहे. गाडी बोलावताना किंवा पत्ता विचारताना पूर्ण नाव सांगावे.

दुकानांच्या ओळींपुढे छप्पर असलेली पडवीसारखी सलग वाट असते. दुपारच्या उन्हात चालायचे ते याच सावलीतून. मात्र मधूनच तेथे मोटारसायकली आणि दुकानाचा माल मांडलेला असतो, त्यामुळे वारंवार रस्त्यावर उतरावे लागते. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर पायऱ्यांचा आणि उंच-सखल फरशीचा विचार करून वेग कमीच धरावा. जुन्या शहराच्या भागात कॅट नावाची विनामूल्य बस फिरते. थकल्यावर तिचा आधार घेता येतो, परंतु ती वेळेवर येईल असे धरून परतीचा बेत आखू नये. सायकलरिक्षाही मिळतात. त्यांचे भाडे बसण्यापूर्वी आणि एकूण किती वेळासाठी आहे हे धरूनच ठरवावे.

सकाळी उतरणाऱ्यांसाठी क्रम

सकाळी उतरलात तर पहिले दोन तास दुपारी बंद होणाऱ्या गोष्टींना द्यावेत: मरिअम्मन मंदिर आणि चौरस्ता बाजार. धक्क्याबाहेर पडल्यावर समोरच्या चौकात व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या साठ वर्षांनिमित्त, म्हणजे १८९७ च्या हीरकमहोत्सवासाठी, उभारलेला घड्याळाचा मनोरा दिसतो; वर्षागणिक एक याप्रमाणे त्याची उंची ६० फूट ठेवली आहे. शेजारीच फोर्ट कॉर्नवॉलिस आहे. किल्ल्यात जाण्याचा मोह सकाळी आवरावा, तो परतताना वेळ उरल्यास पाहता येतो.

मनोऱ्यापासून लेबुह पांताईने दक्षिणेकडे निघून लेबुह चायनावर उजवीकडे वळावे. हा रस्ता सरळ ज्या वास्तूसमोर संपतो, ते क्वान यिन म्हणजे करुणेच्या देवीचे मंदिर. त्याची स्थापना साधारण १८०० ची मानली जाते. फुजियान आणि ग्वांगडोंग प्रांतांतून आलेल्या चिनी लोकांनी मिळून ते बांधले आणि आरंभी ते माझू या दर्यावर्दींच्या देवीचे होते. मंदिराचे तोंड समुद्राकडे का आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

या मंदिराला निदान अर्धा तास द्यावा. पेनांगमधील चिनी लोकजीवनातली श्रद्धा पाहायची असेल तर मोठ्या आणि देखण्या मंदिरांपेक्षा हे धुराने काळवंडलेले मंदिर अधिक सांगून जाते. अंगणात मोठ्या धूपपात्रांत मनगटाएवढ्या जाडीच्या उदबत्त्या जळत असतात आणि रिकाम्या झालेल्या जागी लगेच नव्या खोचल्या जातात. आत शिरताना उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडावा; मधल्या दारासमोर घोळका करू नये. चिनी मंदिरात सहसा पादत्राणे काढावी लागत नाहीत, हे आपल्याला प्रथम अवघड वाटते. तरीही आत सर्वजण काय करत आहेत ते पाहून तसेच करावे.

गाभाऱ्यासमोर बांबूचा नळकांडा हलवत गुडघ्यांवर बसलेली माणसे दिसतील. त्या नळकांड्यात क्रमांक लिहिलेल्या काड्या असतात. मनातला प्रश्न धरून नळकांडा तिरका करून हलवत राहायचा, तोवर त्यातून एकच काडी पुढे सरकून खाली पडते. मग ती काडी देवीला मान्य आहे का, हे विचारण्यासाठी चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकतात. प्रत्येक तुकड्याची एक बाजू सपाट आणि एक फुगीर असते; एक सपाट आणि एक फुगीर असे पडले तर होकार. त्यानंतर त्या क्रमांकाची चिठ्ठी घेतली जाते. कोकणात देवाला कौल लावताना पाहिलेल्या माणसाला या सगळ्यातली तन्मयता लगेच ओळखू येते. अशा वेळी कोणाच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरणे टाळावे. छताचे, खांबांचे आणि अंगणाचे फोटो हवे तितके काढता येतात.

तेथून दोन-तीन मिनिटांवर लेबुह क्वीनवर श्री महामरिअम्मन मंदिर आहे. १८३३ मध्ये बांधलेले हे पेनांगमधील सर्वांत जुने हिंदू मंदिर समजले जाते. गोपुरावरील रंगीत मूर्ती रस्त्यावरूनच दिसतात. येथे मुख्य देवता मरिअम्मन असून सोने-रूपे आणि रत्ने यांनी मढवलेली सुब्रमण्यम स्वामींची मूर्तीही प्रसिद्ध आहे. सुब्रमण्यम स्वामींच्या थैपुसम उत्सवात या मंदिरातून निघणारा सोन्याचा रथ २०१७ पासून सुरू झाला. चेट्टियार या तमिळ व्यापारी समाजाचा रुप्याचा रथ त्याआधीपासून लेबुह पेनांगवरील कोविल वीडू या त्यांच्या मंदिर-घरातून निघतो. मंदिर सकाळी दर्शनासाठी खुले असते, दुपारी साधारण बाराच्या सुमारास बंद होते आणि संध्याकाळी साडेचार-पाचच्या आसपास पुन्हा उघडते. पादत्राणे बाहेर काढावी लागतात. फरशी दुपारी तापते, म्हणूनही सकाळ बरी. पूजा चालू असताना गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवू नये, आणि अर्चना करायची असल्यास बाहेरच्या दुकानांतून फुले-नारळ घेऊन पुजाऱ्यांना नाव-नक्षत्र सांगावे.

मंदिराभोवतीच लिटल इंडिया आहे: लेबुह पासार, लेबुह पेनांग, लेबुह किंग आणि लेबुह क्वीन या रस्त्यांचा चौकोन. माझे मत असे की भारतातून आलेल्या माणसाने येथे साड्या, पोलादाची भांडी किंवा मिठाई यांवर वेळ आणि पैसे घालवू नयेत. येथे पाहण्यासारखे आहे ते वेगळेच. एकाच रस्त्यावर तमिळ सोनार, चलन बदलून देणारे भारतीय मुस्लिम व्यापारी आणि चिनी उदबत्तीवाले शेजारी-शेजारी धंदा करतात आणि गिऱ्हाईक बदलेल तशी भाषा बदलतात. हार गुंफणाऱ्यांच्या दुकानाशी पाच मिनिटे उभे राहिले की चिनी आजीबाईही तिथूनच हार घेताना दिसतात.

चौरस्ता बाजार आणि जायफळ

मरिअम्मन मंदिरानंतर गाडीने किंवा वीस मिनिटे चालत जालान पेनांगवरील चौरस्ता बाजारात जावे. सकाळी दहा-साडेदहापर्यंत पोहोचले तर तळमजल्यावरचा मासळी, मांस आणि भाजीचा बाजार अजून चालू असतो. शाकाहारी वाचकांना तो वास नकोसा वाटेल. त्यांनी आत न जाता दर्शनी भागातील दुकानांकडेच वळावे, आणि जुन्या पुस्तकांची आवड असेल तर वरच्या मजल्यावर जावे, तिथे वापरलेल्या पुस्तकांचे गाळे आहेत.

दर्शनी दुकानांत काचेच्या मोठ्या बरण्यांतून मुरवलेली फळे मांडलेली असतात: आंबा, पपई, आंबाडे आणि मुख्य म्हणजे जायफळ. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस मोलुक्का बेटांवरून जायफळाची रोपे पेनांगला आणली आणि तेव्हापासून ते या बेटाची ओळख बनले. आपल्याला जायफळ माहीत असते ते पुरणात किंवा श्रीखंडात किसून घालायचे बी म्हणून. येथे पूर्ण फळ पाहायला मिळते. पिवळसर, लहान पेरूएवढे फळ पिकल्यावर उभे उकलते. आत तपकिरी कवचाभोवती लालभडक जाळी असते, ती वाळली की जायपत्री. कवचाच्या आत जायफळ. पेनांगमध्ये यांखेरीज फळाचा गरही वापरतात. तो चिरून साखरेत किंवा मिठात मुरवतात, त्याचे सरबत करतात आणि तेल काढून मलमातही घालतात.

खरेदीचे काही नियम येथे उपयोगी पडतात. मुरवलेल्या जायफळाचे ओले आणि कोरडे असे प्रकार असतात. जहाजाच्या केबिनमध्ये ठेवायचे आणि विमानाने न्यायचे असल्याने कोरडाच प्रकार, तोही कंपनीच्या मोहोरबंद पाकिटातला घ्यावा. विक्रेते चव पाहायला तुकडा देतात, तो मागायला संकोच करू नये. कवचासह वाळवलेले जायफळ कानाशी हलवून पाहावे. नीट वाळलेले असेल तर आतले बी खडखडते. मात्र भारतात परतताना रुजू शकणाऱ्या बियांवर निर्बंध असल्यामुळे कवच काढलेले, पाकीटबंद जायफळ घेणेच शहाणपणाचे आहे. फळे, लोणची आणि मलम यांच्या दुकानांत भाव बहुधा लिहिलेले असतात आणि घासाघीस फारशी चालत नाही. दोन-तीन पाकिटे एकत्र घेतली तर थोडी सूट मिळते. रस्त्यावरच्या टोप्या, पिशव्या आणि बाटिकच्या कपड्यांच्या गाड्यांवर मात्र सांगितलेला भाव खाली येतो. "बेरापा?" म्हणजे केवढ्याला आणि "बोलेह कुरांग?" म्हणजे कमी कराल का, एवढे दोन प्रश्न पुरतात. इंग्रजीही बहुतेकांना समजते.

दुपारचा उत्तरार्ध: मशीद, कुलवास्तू आणि पाण्यावरची वस्ती

चौरस्त्याहून लेबुह चुलियाने परत आले की जालान मस्जिद कपितान केलिंगच्या कोपऱ्यावर कपितान केलिंग मशीद येते. भारतीय मुस्लिमांचे प्रमुख कादिर मोहिद्दीन यांच्या पुढाकाराने १८०१ मध्ये तिची सुरुवात झाली. आज दिसणारे घुमट विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या पुनर्बांधणीतले आहेत. नमाजाच्या वेळा सोडून पर्यटकांना प्रवेश मिळतो आणि अंग झाकण्यासाठी झगे प्रवेशद्वारापाशी दिले जातात. दुपारचा नमाज एक-दीडच्या सुमारास असतो, म्हणून त्याआधी पोहोचावे किंवा जेवण आटोपून मग यावे. शुक्रवारी दुपारी हा बेत आखूच नये. याच रस्त्याच्या उत्तर टोकाला १८१८ मध्ये पूर्ण झालेले सेंट जॉर्ज चर्च आहे. चर्च, चिनी मंदिर, हिंदू मंदिर आणि मशीद काही मिनिटांच्या अंतरात येतात.

मशिदीच्या मागील बाजूने लेबुह कॅननकडे गेल्यावर एका अरुंद बोळातून खू कोंगसीचे आवार उघडते. फुजियानमधील एकाच गावातून आलेल्या खू आडनावाच्या कुळाची ही वास्तू आहे: पूर्वजांचे मंदिर, समोर नाटकांचा मंच आणि मध्ये दगडी चौक. आधीची इमारत १९०१ मध्ये आगीत जळाली आणि सध्याची १९०६ मध्ये पूर्ण झाली. तिकीट आहे आणि ते देण्याजोगे आहे. छताच्या कडेवरील चिनी मातीच्या तुकड्यांची शिल्पे आणि ओसरीच्या भिंतींवरील दगडी कोरीवकाम दुपारच्या तिरप्या उजेडात उत्तम दिसते. आत गेल्यावर पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पट्ट्यांचे दालन आवर्जून पाहावे. शिक्षण, व्यापार आणि अधिकारपदे मिळवलेल्या कुलबांधवांच्या नावांचे फलक भिंतींवर लावलेले आहेत, आणि परमुलखात आलेल्या माणसांनी एकमेकांना कसे धरून ठेवले याची कल्पना त्यावरून येते.

पुढे लेबुह आर्मेनियनवर २०१२ मध्ये एर्नेस्ट झाखारेविच या चित्रकाराने काढलेले सायकलवरील मुलांचे भित्तिचित्र आहे. फोटोसाठी रांग असेल तर थांबू नये. तेथून किनाऱ्यावर च्यू जेट्टीला जावे. खांबांवर उभारलेल्या लाकडी घरांची ही वस्ती च्यू कुळाची असून शेजारी लिम, तान, ली अशा इतर कुळांच्या जेट्ट्या आहेत. फळ्यांच्या वाटेवरून चालताना दोन्ही बाजूंना लोकांची घरे असतात. दारातून आत डोकावणे, घरातल्या देव्हाऱ्याचे फोटो घेणे आणि मोठ्याने बोलणे टाळावे. येथून किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेकडे वीस-पंचवीस मिनिटांत धक्का येतो.

जहाज दुपारी लागत असेल तर

काही जहाजे दुपारी एक-दोनच्या सुमारास लागून रात्री निघतात. तेव्हा वरचा क्रम उलटा करावा. खू कोंगसी पाचला बंद होते, म्हणून उतरताच सरळ तिथे जावे. त्यानंतर मशीद, मग क्वान यिनचे मंदिर आणि साडेचार-पाचनंतर मरिअम्मन. संध्याकाळच्या आरतीच्या वेळी मंदिर सकाळपेक्षा कितीतरी जिवंत असते आणि लिटल इंडियाही दिवे लागल्यावरच भरात येते. चौरस्त्यातला ताज्या मालाचा बाजार हुकेल, परंतु मुरवलेल्या फळांची दुकाने दुपारी उघडी असतात. च्यू जेट्टी मात्र अंधार पडण्यापूर्वीच आटोपावी, कारण रात्री तेथील लोकांना पाहुणे नको असतात.

केक लोक सीचा प्रश्न

जवळपास प्रत्येक प्रवासी हे नाव ऐकून आलेला असतो. आयेर इताम येथील केक लोक सी हे मलेशियातील सर्वांत मोठे बौद्ध मंदिर. १८९० च्या सुमारास त्याचे बांधकाम सुरू झाले. १९३० मध्ये पूर्ण झालेल्या सात मजली पॅगोड्याचा पाया चिनी, मधला भाग थाई आणि शिखर ब्रह्मी शैलीचे आहे, आणि डोंगरावर क्वान यिनची ३०.२ मीटर उंचीची कांस्य मूर्ती आहे. ते निःसंशय भव्य आहे. परंतु ते धक्क्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर असून जाणे-येणे, पायऱ्या, लिफ्टची रांग आणि पाहणे मिळून तीन ते साडेतीन तास जातात. म्हणजे पाच तासांतून जुन्या शहरासाठी जेमतेम दीड तास उरतो.

माझा सल्ला स्पष्ट आहे: हाताशी निव्वळ सात तासांहून कमी वेळ असेल तर केक लोक सी सोडून द्यावे. तेवढा वेळ असेल तर मात्र ते सर्वांत आधी करावे, कारण संध्याकाळच्या वाहतुकीत आयेर इतामहून परतणे बेभरवशाचे असते; लांबचे ठिकाण आधी आणि धक्क्याजवळचे शेवटी, हा नियम मोडू नये. मधला मार्ग हवा असल्यास लोरोंग बर्मा येथील जोडी पाहावी. तिथे १८४५ मध्ये स्थापन झालेले वाट चायामंगकलाराम हे थाई मंदिर असून आत ३३ मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती आहे आणि तिच्या मागे अस्थिकलशांचे कोनाडे आहेत. समोरच धम्मिकाराम हे ब्रह्मी मंदिर आहे. दोन्ही ठिकाणी मंदिराच्या मुख्य दालनात पादत्राणे काढावी लागतात. गाडीने जाऊन-येऊन दीड तासात हे होते.

शाकाहारी जेवण

लिटल इंडियामध्ये शुद्ध शाकाहारी दक्षिण भारतीय उपाहारगृहे आहेत आणि केळीच्या पानावरील भात लवकर मिळतो, त्यामुळे उपाशी राहण्याचा प्रश्न नाही. बाजारातल्या गाड्यांवर मात्र सावध राहावे. भाज्यांच्या पदार्थांतही बेलाचान नावाची कोळंबीची चटणी किंवा मासळीचा रस असतो आणि विक्रेत्याच्या दृष्टीने तो पदार्थ भाजीचाच असतो. म्हणून केवळ शाकाहारी आहे का असे न विचारता मासे, कोळंबी, बेलाचान नको असे नावे घेऊन सांगावे. चिनी शाकाहारी गाड्यांवर बौद्ध परंपरेतील, कांदा-लसूणही नसलेले जेवण मिळते. उन्हात फिरून आल्यावर जायफळाचे सरबत किंवा नारळाचे दूध, गूळ आणि हिरव्या शेवयांचे चेंडोल घ्यावे. बर्फाबाबत पोट नाजूक असेल तर गर्दीच्या, माल खपणाऱ्या ठिकाणीच.

परतताना

शेवटचा तास धक्क्याच्या आसपासच काढावा. फोर्ट कॉर्नवॉलिस आणि समोरची समुद्रालगतची मोकळी जागा त्यासाठीच राखून ठेवलेली आहे. जहाजावर चढताना सामान पुन्हा तपासले जाते. डुरियन (उग्र वासाचे स्थानिक फळ) आणि इतर ताजी फळे, उघडे अन्न, चाकू-सुऱ्या आत नेऊ देत नाहीत. मद्य घेतले असेल तर ते सहल संपेपर्यंत जमा करून घेतात. सहल सिंगापूरला संपणार असेल तर च्युइंगगम घेऊ नये, तिथे ते नेण्यास बंदी आहे.

आणि काही कारणाने उशीर होत आहे असे दिसलेच, तर गाडीतूनच बंदर एजंटच्या क्रमांकावर फोन करून आपली नावे, केबिन क्रमांक आणि आत्ता कुठे आहोत हे सांगावे. कंपनीने आयोजित केलेल्या सहलीवर असलेल्यांची जहाज सहसा वाट पाहते. स्वतंत्रपणे फिरणाऱ्यांसाठी ते थांबत नाही, आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च स्वतःचा असतो. म्हणूनच पासपोर्टची छायाप्रत, एक बँक कार्ड आणि रोजची औषधे केबिनमध्ये न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवावीत.